चिंचेच्या पाण्यातला चारमिनार

टँकर यायच्या आत देवाची भांडी आटपायची, या एकाच विचारानं कालिंदीबाईंनी पातेल्यात हात घातला. निरांजन, ताम्हन, घंटी असं एकेक बाहेर काढता काढता त्यांच्या हाताला ती डबी लागली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. आत चारमिनार होता, आणि चारमिनाराच्या गळ्यापर्यंत चिंचेचं पाणी होतं.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या, आणि लगेच तोंडावर हात ठेवला, कारण हॉलमध्ये हिमांशू दाराला तोरण बांधत होता.

डबी हलवली की पाणी डुचमळायचं. कालिंदीबाईंनी ती उलटी केली, झटकली, पदरानं पुसली. पदरानं बाहेरचं पुसलं गेलं. आतलं आतच राहिलं.

त्यांचा हेतू चांगला होता, हे आधीच सांगायला हवं. धाकटी सून घरात पाऊल टाकणार, तिच्या हातावर ठेवायचा रुपया अशा अंधुक, ओरखडलेल्या डबीत कसा द्यायचा? म्हणून काल सकाळी पैठणला लग्नाला निघताना त्यांनी देवाच्या भांड्यांसोबत तीही भिजत घातली. एरवी त्या एकेक वस्तू नळाखाली घासत. पण त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं आणि शहराच्या कडेला वसलेल्या त्यांच्या सातारा भागात नळच नव्हता. हिमांशूसारख्या ठेकेदारांनी तिथं घरं बांधली, माणसं राहायला आली, पाणी मात्र अजून यायचं होतं. तेव्हापासून कालिंदीबाई सगळं एकाच पातेल्यात भिजत घालत आणि तेच पाणी कढीपत्त्याला ओतत. कढीपत्ता त्यावर समाधानी होता की नाही, कुणी विचारलं नव्हतं.

"अहो," त्यांनी बाल्कनीत पेपर वाचणाऱ्या नवऱ्याला हळूच हाक मारली. "इकडं या जरा. आणि ओरडू नका."

सदाशिवराव आले. पाटबंधारे खात्यात जन्म गेलेला माणूस. डबी बघून त्यांनी पहिल्यांदा पाण्याची पातळी बघितली.

"निम्म्याच्या वर भरलीय," ते म्हणाले. "जायकवाडीत नाही एवढं पाणी हिच्यात आहे."

"तुम्हाला चेष्टा सुचतेय! हिमांशूला काय सांगू?"

"काही सांगू नकोस. उन्हात ठेव, उडून जाईल."

"डबी बंद आहे. कुठून उडेल?"

"जिथून आलं तिथूनच."

पाणी आलं कुठून, हा प्रश्न खरंच चांगला होता. पण त्याचं उत्तर शोधायच्या आत हिमांशू स्वयंपाकघरात सुतळी मागायला आला.

*

हिमांशूनं डबी आईच्या हातातून घेतली आणि डोळ्यांसमोर आडवी धरली. पाणी सावकाश एका बाजूला सरकलं आणि वर बुडबुडा आला, गवंड्याच्या पाणसळीत येतो तसा.

"आई. हे. काय. केलंस."

"उजळायला ठेवली होती रे."

"चिंचेत? चांदी आहे ती! शंभर वर्षांचा रंग आहे तिच्यावर. अठ्ठावन्न नंबर मिळालाय तिला, सत्तरपैकी अठ्ठावन्न. अख्ख्या मराठवाड्यात कुणाकडं..."

"माहीत आहे," सदाशिवराव म्हणाले. "दूधवाल्यालाही माहीत आहे."

हा नंबर म्हणजे नांदापूरकरांच्या घरातलं तीन वर्षांपूर्वीचं प्रकरण. निजामाच्या राज्यातला, हाली सिक्क्याचा, चारमिनार कोरलेला तो रुपया त्याआधी रेशमी चिंधीत कपाटाच्या तळाशी पडून असायचा. सदाशिवरावांच्या आजोबांना वैजापूरच्या कचेरीत कारकुनी लागली, तेव्हा पहिल्या पगारातला एक रुपया त्यांनी बायकोला, चंपाबाईंना, दिला. चंपाबाईंनी तो मुठीत धरला आणि जाहीर केलं की पुरुषाच्या हाताला हा रुपया पुन्हा लागायचा नाही, लागला की खर्च होईल. (आजोबांचा लौकिक बघता बाई फार चुकत नव्हत्या.) त्यांनी तो त्यांच्या सुनेच्या, लीलाबाईंच्या, हातावर ठेवला, लीलाबाईंनी कालिंदीबाईंच्या, आणि अकरा वर्षांपूर्वी कालिंदीबाईंनी वैदेहीच्या. उंबऱ्यावर, उघड्या तळहातावर, माप ओलांडायच्या आधी. प्रत्येक सुनेनं पुढच्या सुनेला द्यायचा. बाकी वेळ त्याला कुणी हात लावायचा नाही, पुरुषांनी तर कधीच नाही.

हिमांशू लहानपणापासून त्या रुपयासाठी झुरला. त्याला जुन्या नाण्यांचा नाद लागला तोही या एका नाण्यापायी. शहागंजातल्या जुन्या बाजारात बसून त्यानं शेकडो नाणी हाताळली, ओळखली, विकत घेतली. घरातलं एक मात्र त्याला कधी धरता आलं नाही. मग त्याला कळलं की मुंबईला एक कंपनी आहे, नाणं तपासते, नंबर देते आणि पारदर्शक डबीत कायमचं बंद करून पाठवते. तेव्हा त्यानं आईच्या मागं महिनाभर लकडा लावला. नाणं पाकिटात आईनंच घातलं. ते परत आलं आणि सदाशिवरावांनी निवाडा दिला की डबीला हात लावणं म्हणजे नाण्याला हात लावणं नव्हे. त्या दिवशी हिमांशू ती डबी उशाशी घेऊन झोपला. चाळिशीचा माणूस, तीन साइट चालू असलेला.

कंपनीवाले त्या डबीला स्लॅब म्हणत. घरात आधीच स्लॅबचा धंदा असल्यानं नांदापूरकर तिला डबीच म्हणत.

आणि गंमत अशी की चिंधीत होता तोवर ज्या रुपयाला कुणी फुंकरही घातली नाही, तो डबीत गेल्यावर सगळ्यांच्या हातचा झाला. डबी आहे, काही होत नाही! कालिंदीबाई दर शुक्रवारी तिला कुंकू लावत आणि भांडी घासायच्या पावडरीनं ते काढत. सदाशिवराव बाल्कनीत वाऱ्यानं पेपर उडू नये म्हणून ती पेपरावर ठेवत. पाहुणे तिला टेबलावर टकटक वाजवून बघत. हिमांशू स्वतः ती शर्टाच्या खिशात घालून गिऱ्हाइकांना दाखवायला नेई, कधी गाडीच्या किल्ल्यांसकट. तीन वर्षांत प्लॅस्टिक इतकं ओरखडलं की चारमिनार धुक्यात गेल्यासारखा दिसू लागला. नाण्याला मात्र ओरखडा नव्हता. कालपर्यंत.

"उघडावी लागेल ही," मागून वैदेही म्हणाली.

*

वैदेही पैठणी नेसून, केसांत गजरा माळून तयार होती आणि सकाळपासून मनातल्या मनात एकच वाक्य म्हणत होती. चंपाबाईंचं वाक्य. रुपया देताना म्हणायचं ते. अकरा वर्षं ती या घरात होती आणि तिनं पुष्कळ घेतलं होतं: सासूच्या साड्या, सासऱ्यांची चहाची वेळ, नवऱ्याचे साइटवरचे धुळीचे बूट. द्यायची पाळी आज पहिल्यांदा आली होती. नव्या जावेच्या, मनस्विनीच्या, हातावर तिला रुपयाच ठेवायचा होता, डबी नाही. हे ती आठ दिवस नवऱ्याला सांगत होती आणि नवरा आठ दिवस "बघू" म्हणत होता.

"उघडली की नंबर गेला," हिमांशू म्हणाला. "कायमचा. कंपनी म्हणते, डबी फुटली की आमची हमी संपली."

"आणि नाही उघडली तर आत लोणचं होईल रुपयाचं."

"होईल वाळून. तांदळात ठेवतो. मोबाइल नाही का ठेवत आपण."

"अहो, मोबाइलला चिंच लागलेली नसते."

"हे बघ वैदेही," कालिंदीबाई मध्ये पडल्या. एरवी त्या थोरल्याची बाजू सोडत नसत आणि आज तर त्यांना त्याला गोंजारायचंच होतं. "एवढ्या हौसेनं त्यानं करून घेतलंय. डबीसकट दे तिला. तिला काय, नवीन आहे, कळणार आहे थोडंच."

"आई, तुम्ही मला डबीसकट दिला असता?"

"तेव्हा डबी नव्हती."

"असती तर?"

कालिंदीबाईंनी घंटी पुसायला घेतली. वैदेहीला मनातून वाईट वाटलं, रागही आला, आणि तशाच रागात तिनं डबी हिमांशूच्या हातातून घेऊन कोपऱ्यावर बोट फिरवलं. बोट अडलं.

"ही चिकटपट्टी कुणी लावली?"

तिनं डबी सगळ्यांसमोर फिरवली.

"खालच्या कोपऱ्याला. तडा गेलाय इथं, त्याच्यावर पट्टी आहे. पाणी इथूनच गेलंय. बाबा?"

"मी नाही बुवा. मी पेपरावर ठेवायचो फक्त."

"आई?"

"मला चिकटपट्टीचं टोक तरी सापडतं का कधी!"

मग सगळ्यांनी हिमांशूकडं पाहिलं. हिमांशू तोरणाकडं बघत होता.

"बीड बायपासच्या साइटवर," शेवटी तो म्हणाला. "कॉलम बघायला वाकलो आणि खिशातून पडली. दिवाळीच्या आसपास. थोडासाच गेला होता तडा."

"आणि मला म्हणतोस, काय केलंस!" कालिंदीबाई घंटी घेऊनच उठल्या. अपराधाचं ओझं खांद्यावरून उतरल्यावर त्यांना एकदम वीस वर्षांनी तरुण वाटलं. "सहा महिने गप्प बसलास! चिंचेचं पाणी मी घातलं, पण भोक कुणी पाडलं? वैदेही, तू म्हणतेस तेच बरोबर. उघडा ती डबी."

"आई, आत्ता तर तू..."

"आत्ताचं आत्ता गेलं."

"बाबा, तुम्ही तरी सांगा."

सदाशिवरावांनी चष्मा काढून पुसला. "मी तुझ्या बाजूनं आहे," ते म्हणाले, आणि बायकोचा चेहरा बघून पुढं म्हणाले, "मनातून."

तेवढ्यात फोन वाजला. धाकटा भाऊ शंतनू होता, नवरीला घेऊन पैठणहून निघालेला. "दादा, बिडकीन सोडलं आम्ही. टँकर आला का? आणि तो रुपया तयार ठेवा, हिला रस्ताभर तेच सांगू लागलोय."

"सगळं तयार आहे," हिमांशू म्हणाला आणि फोन ठेवला.

खाली टँकरचा भोंगा वाजला. सगळे बादल्या, पाइप, टाकीचं झाकण यांच्यामागं धावले, आणि भांडण जिथल्या तिथं राहिलं. स्वयंपाकघरात हिमांशू एकटा उरला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. ओट्यावर तांदळानं भरलेलं एक भांडं होतं. त्यानं डबी त्या तांदळात खोल खुपसली, वरून तांदूळ सारखे केले आणि तासाभराची सवलत मिळवल्याच्या समाधानात पाइप धरायला खाली गेला.

ते भांडं म्हणजे माप होतं. नव्या सुनेनं ओलांडायचं. पण घरातली कुठली वस्तू कशासाठी बाहेर काढलीय, हे हिमांशूला कधीच माहीत नसायचं.

*

गाडी आली. गल्लीत लोक जमले. स्वयंपाकाला आलेल्या केसरबाईंनी माप उचलून उंबऱ्यावर ठेवलं, शेजारी कुंकवाच्या पाण्याचं ताट ठेवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आत हाक दिली, "काकू, नवरी उन्हात हुबी हाय! लई तापलंय, बिगीबिगी करा."

"रुपया?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"रुपया?" वैदेहीनं नवऱ्याला विचारलं.

"आणतो," म्हणून हिमांशू स्वयंपाकघरात गेला. ओटा रिकामा होता. त्यानं डबे उघडले, ओट्याखाली वाकून पाहिलं. "इथलं तांदळाचं भांडं कुठं गेलं?"

"कोणतं?"

"इथं होतं ते! पितळेचं!"

उंबऱ्यावर शंतनूला वाटलं, रुपयाचा कार्यक्रम नंतर असेल. तो बायकोला म्हणाला, "उजवा पाय. जोरात मार, दादा कंजूष आहे, तांदूळ कमीच भरले असतील." मनस्विनीनं शालूच्या निऱ्या उचलल्या, पाय उचलला.

"थांबा!"

हिमांशू हॉलभर धावत आला आणि उंबऱ्यापाशी गुडघ्यांवर बसला. मनस्विनी एका पायावर, शंतनूच्या दंडाला धरून, तशीच उभी राहिली. थोरल्या दिरानं तिच्या पायाशी बसून मापात कोपरापर्यंत हात घातला, तांदूळ चारी बाजूंना उडाले, आणि त्यानं एक धुरकट चौकोनी डबी बाहेर काढली.

"दादा," मनस्विनी म्हणाली, "पाय खाली ठेवू का? की हाही तुमच्याकडचा रिवाज आहे?"

गल्लीतले लोक हसले. केसरबाई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. कालिंदीबाई मात्र हसल्या नाहीत. "ठेव बाई, ठेव," म्हणत त्या पुढं आल्या. "हिमांशू, ऊन लागतंय तिला. डबीसकट द्यायचा तर डबीसकट दे. पण आत्ता दे."

हिमांशूनं डबी उजेडात धरली. पाणी तसंच होतं. नाण्याच्या कडेला, जिथं पाणी भिडलं होतं, तिथं चंद्रकोरीएवढा भाग पांढराफटक चकाकत होता. शंभर वर्षांचा रंग तिथून उतरला होता, आणि पाणी आत राहील तोवर उतरतच जाणार होता. संध्याकाळपर्यंत अर्धा रुपया जाईल. उद्या सगळा. नंबर डबीवर तसाच राहील, अठ्ठावन्न, आणि आत तो रुपया नसेलच.

आणि डबी उघडली, तर रुपया वाचेल, पण बायकांच्या हातात जाईल. चिंधीत. कपाटाच्या तळाशी. मग आपण कशाला हात लावायचा? त्याला फार वाईट वाटलं. सगळ्या गल्लीसमोर, गुडघ्यांवर बसून, त्याचे डोळे भरून आले, आणि ते तांदळाच्या धुळीनं असं कुणी समजलं तर बरं, असं त्याला वाटलं.

"शंतनू," तो म्हणाला, "माझ्या गाडीत छिन्नी आहे. आण."

"छिन्नी? दादा, वेडा झालास का? नंबर जाईल तुझा!"

"आण म्हटलं ना."

छिन्नी आली. हिमांशूनं तडा गेलेल्या कोपऱ्यात ती टेकवली, चपलेनं वर एक ठोका दिला, मग आणखी एक. डबी करकरली आणि शिंपल्यासारखी उघडली. चिंचेचं पाणी उंबऱ्यावर सांडलं. रुपया डबीतल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कड्यात अडकून होता. हिमांशूनं त्याला हात लावला नाही. अर्धी डबी त्यानं दोन्ही हातांनी वैदेहीपुढं धरली.

"घे," तो म्हणाला. "तुझी पाळी आहे."

वैदेहीनं त्याच्याकडं पाहिलं. आठ दिवसांचा राग तिला आठवेना. तिनं रुपया दोन बोटांनी उचलला, पिण्याच्या पाण्याच्या जारमधून तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि सगळं तांब्याभर पाणी त्याच्यावर ओतलं. त्या उन्हाळ्यात तांब्याभर पाणी असं कुणी ओतत नव्हतं; कालिंदीबाईसुद्धा काही बोलल्या नाहीत. मग पैठणीच्या पदरानं तिनं तो टिपला, घासला नाही, आणि मनस्विनीच्या उघड्या तळहातावर ठेवला.

"हा मोडायचा नाही," तिनं चंपाबाईंचं वाक्य म्हटलं. "कितीही नड आली तरी."

"बघ तरी, कसा उजळलाय एका बाजूनं!" कालिंदीबाईंना राहवलं नाही. हिमांशूनं डोळे मिटून घेतले.

मनस्विनीनं मूठ मिटली, माप ओलांडलं आणि ती आत आली. टाळ्या झाल्या. उखाणा झाला. त्यात शंतनूच्या नावाच्या जोडीला टँकर आल्यानं गल्ली पुन्हा हसली. मग सगळे हॉलमध्ये टेकले आणि केसरबाईंनी पन्हं आणलं. हिमांशू तेवढा उंबऱ्यापाशी बसून प्लॅस्टिकचे तुकडे वेचत होता. नंबर छापलेला तुकडा त्यानं शर्टाला पुसला आणि खिशात ठेवला.

मनस्विनी हे बघत होती. मूठ मिटलेलीच ठेवून ती उठली आणि त्याच्यापाशी आली.

"दादा, याचं वजन किती असतं हो?"

"अकरा ग्रॅमच्या थोडं वर."

"हातात जड लागतं त्यापेक्षा. तुम्हाला पण तसंच वाटलं का?"

"मला काय माहीत," हिमांशू म्हणाला. "मी कधी धरलेला नाही."

"कधीच?"

"आमच्याकडं पुरुष हात लावत नाहीत," कालिंदीबाई सोफ्यावरून म्हणाल्या. "सासूबाईंच्याही सासूबाईंपासून आहे ते."

मनस्विनीनं शंतनूकडं पाहिलं. शंतनूनं मान डोलावली. तिनं पुन्हा हिमांशूकडं पाहिलं. "म्हणजे तुम्ही मुंबईला पाठवलात, तपासून आणलात, तीन वर्षं खिशात घेऊन फिरलात, आणि..."

"डबी घेऊन फिरलो," तो म्हणाला.

"आई, आज हा कुणाचा?"

"तुझा. दिवा लागेपर्यंत तुझ्याकडंच. मग वैदेही कपाटात ठेवेल."

"मग मी कुणाकडंही देऊ शकते."

कालिंदीबाईंनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी वैदेही बोलली, "आई, तिचा आहे ना आज? तुम्हीच म्हणालात."

"म्हणाले, पण..." कालिंदीबाईंनी मदतीसाठी नवऱ्याकडं पाहिलं. सदाशिवराव केव्हाच उठून हिमांशूच्या मागं जाऊन उभे राहिले होते आणि त्यांचा उजवा हात आधीच पुढं आला होता.

"तुम्हीसुद्धा?"

"पंच्याहत्तर वर्षांचा झालो, कालिंदी," सदाशिवराव म्हणाले. "मला कुठं खर्चायचाय आता? बाजारात घेणार तरी कोण हा?"

कालिंदीबाईंना हसू आलं. ते त्यांनी दाबलं, तरी ओठांच्या कडेनं निसटलंच. "द्या बाई, द्या," त्या म्हणाल्या. "चंपाबाईंना मी वर गेल्यावर बघून घेईन."

"हात पुढं करा, दादा."

हिमांशूनं हात पँटला पुसला. पुन्हा पुसला. मग तळहात उघडला आणि मनस्विनीनं रुपया त्यावर ठेवला. तो गार असेल असं त्याला वाटलं होतं. आयुष्यभर वाटत आलं होतं. रुपया ऊन होता, तिच्या मुठीतला. कडेच्या बारीक रेघा बोटाला लागल्या. त्यानं तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला, मग बोटं मिटली आणि मूठ छातीशी नेली. आपलं तोंड उघडं राहिलंय, हे त्याला कळलं नाही.

सदाशिवरावांचा हात तसाच पुढं होता.

"झालं ना?" बऱ्याच वेळानं कालिंदीबाई म्हणाल्या. "दे आता बाबांना."

"थांब ना गं जरा," हिमांशू म्हणाला.